पाइप भुशाचा, प्रश्न फुप्फुसाचा

हिंगोली जिल्ह्याला धुळीचे नवल नाही. वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. त्याच हळदीला पॉलिश करणाऱ्या ड्रमभोवती पिवळा धुरळा उठतो. डाळमिलमध्ये टरफलांची धूळ, गिरणीत पिठाची. या सगळ्याला लोक निदान धूळ म्हणतात. सुतारखान्यातल्या भुशाला मात्र कुणी धूळ म्हणत नाही. भुसा म्हणजे चुलीचे जळण, पोत्यात भरून ठेवायचा माल. तो रोज आठ-दहा तास श्वासावाटे आत जातो, हे लक्षात यायला बरीच वर्षे जातात.

पूर्वी करवत आणि रंधा हाताने चालत. रंध्यातून निघालेल्या ढलप्या पायाशी पडत आणि झाडल्या जात. आता हिंगोली, कळमनुरी, सेनगाव, औंढा, वसमत, कुठल्याही गावच्या फर्निचरच्या दुकानात कटर, राउटर, विजेचा रंधा आणि घासकामाचे सँडर मशीन दिसते. काम वेगाने होते, पण लाकडाचे पीठही तितकेच बारीक होते. अलीकडे काही मिस्त्री मशीनसोबत व्हॅक्यूम क्लीनरही घेऊ लागले आहेत. हे चांगलेच आहे. अडचण पुढे येते. मशीनवर हजारो रुपये खर्च होतात आणि त्याला जोडायचा पाइप मात्र हाताला येईल तो घेतला जातो. मग भुसा निम्मा यंत्रात आणि निम्मा छातीत.

दिसत नाही ती धूळ

माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो. डोळ्यांना दिसणारा भुसा त्याहून मोठा असतो. तो नाकातल्या केसांत आणि शेंबडात अडकतो, शिंक येते, बाहेर पडतो. १० मायक्रॉनपेक्षा लहान कण घशाच्या पुढे श्वासनलिकेत उतरतात. ५ मायक्रॉनखालचे कण फुप्फुसाच्या अगदी टोकाशी असलेल्या वायुकोशांपर्यंत पोहोचू शकतात. सँडर मशीनमधून आणि एमडीएफ कापताना असे बारीक कण भरपूर निघतात. मशीन बंद झाल्यावरही ते बराच वेळ हवेत तरंगत राहतात.

या धुळीचे परिणाम वेगवेगळ्या वेगाने दिसतात. सागवान आणि शिसवाच्या भुशाने काहींच्या अंगाला खाज सुटते, हातांवर, मानेवर पुरळ उठते. काहींना दमा होतो. खोकला, छातीत घरघर, नाक चोंदणे या तक्रारी तर नेहमीच्याच. प्लायवूड आणि एमडीएफमध्ये भुशाबरोबर डिंकातील फॉर्माल्डिहाइडही असते.

सर्वांत गंभीर परिणाम सर्वांत उशिरा कळतो. इंग्लंडमधील हाय विकम हे गाव खुर्च्या आणि फर्निचरसाठी प्रसिद्ध. तिथल्या कामगारांमध्ये नाकाच्या पोकळीचा एरवी दुर्मीळ असणारा कर्करोग वारंवार आढळतो, हे १९६० च्या दशकात तिथल्या डॉक्टरांच्या लक्षात आले. पुढे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्ये लाकडाच्या धुळीला माणसात कर्करोग निर्माण करणाऱ्या पहिल्या गटात टाकले. तंबाखूचा धूर आणि ॲस्बेस्टॉस याच गटात आहेत. हा आजार आजही दुर्मीळच आहे, त्यामुळे घाबरून धंदा सोडण्याचे कारण नाही. पण तो अनेकदा कामाला सुरुवात केल्यानंतर वीस ते चाळीस वर्षांनी दिसतो. विशीतल्या पोराने आज घेतलेल्या धुळीचा हिशेब त्याच्या पन्नाशीत होतो.

फुंकर आणि ओढ

निरांजनाची ज्योत हातभर अंतरावरूनही फुंकून विझवता येते. तेवढ्याच अंतरावरून श्वास आत ओढून ती विझवून पाहावी. ज्योत हलतसुद्धा नाही. फुंकर एका दिशेने दूर जाते, ओढ मात्र चारी बाजूंनी हवा घेते आणि लगेच क्षीण होते. पाइपच्या तोंडापासून तोंडाच्या व्यासाएवढे अंतर गेले, की हवेचा वेग जेमतेम एक दशांश उरतो. म्हणजे दोन इंची पाइप पात्यापासून दोन इंच दूर राहिला, तरी बहुतेक जोर वाया गेला.

म्हणून धूळ जिथे तयार होते तिथेच पकडली पाहिजे. आपल्याकडील १९४८ च्या कारखाने कायद्याच्या १४व्या कलमातही हेच तत्त्व सांगितले होते: धूळ ओढणारे साधन धुळीच्या उगमाशी शक्य तितके जवळ लावावे आणि ती जागा शक्य तितकी बंदिस्त असावी. दोन-चार माणसांचे सुतारखाने सहसा अशा कायद्याच्या कक्षेत येत नाहीत. फुप्फुसाला मात्र कामगारांची संख्या कळत नाही.

पाइप कोणता घ्यावा

आधी यंत्र ओळखावे. व्हॅक्यूम क्लीनरची ओढ तीव्र असते, सुमारे दोन मीटर उंच पाण्याचा स्तंभ खेचण्याइतकी. पण त्यातून जाणारी हवा कमी. मोठ्या पिशवीच्या ब्लोअरचे उलट. त्याची ओढ वीतभर पाण्याइतकीच, पण हवा कितीतरी जास्त. म्हणून व्हॅक्यूमला अरुंद पाइप चालतो, ब्लोअरला रुंदच लागतो. ब्लोअरला बारीक पाइप लावला तर तो गुदमरतो. व्हॅक्यूमला चार इंची पाइप लावला तर हवा इतकी मंदावते, की भुसा वाटेतच बसतो. लाकडाचा भुसा वाहून नेण्यासाठी पाइपमध्ये हवेचा वेग सेकंदाला साधारण २० मीटर हवा. ढोबळमानाने सांगायचे, तर सँडर, राउटर अशा हातातल्या यंत्रांना व्हॅक्यूम आणि २७ ते ३६ मिलिमीटरचा पाइप, जमीन झाडायला ५० मिलिमीटर आणि टेबलावरच्या करवतीला किंवा मोठ्या रंधा मशीनला ब्लोअर आणि १०० मिलिमीटर.

व्यास नेहमी आतून मोजावा. मोटार तीच ठेवून अडीच इंची पाइपच्या जागी एक इंची लावला की पाण्याचे काय होते, हे शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. हवेचेही तसेच. तेवढीच हवा निम्म्या व्यासाच्या पाइपमधून न्यायची, तर सुमारे ३२ पट जोर लागतो. त्यामुळे जाड पाइपला बारीक अडॉप्टर, त्यापुढे आणखी बारीक तोंड, अशी उतरंड टाळावी.

लांबी गरजेपुरती असावी. लांबी दुप्पट झाली की अडथळाही दुप्पट होतो. तीन-चार मीटरमध्ये बहुतेक काम भागते. दहा मीटरचे वेटोळे कोपऱ्यात पडलेले असेल, तर ते कापून टाकलेले बरे.

आतून बोट फिरवून पाहावे. वॉशिंग मशीनच्या ड्रेन पाइपसारखा वळ्यावळ्यांचा पाइप स्वस्त मिळतो, पण प्रत्येक वळी हवेला अडवते आणि तिच्यात भुसा साचतो. बाहेरून वळ्या आणि आतून गुळगुळीत असा पाइप घ्यावा.

दुकानात एक परीक्षा करावी. पाइप व्हॅक्यूमला जोडून दुसरे तोंड तळहाताने बंद करावे. जो आक्रसून चपटा होतो, तो नको. शेतात पाणी द्यायचा चपटा लपेटा पाइप इथे कामाचा नाही; तो आतून दाब सोसतो, ओढ नाही. मोटारीचा हिरवा सक्शन पाइप मात्र ओढीसाठीच बनलेला असतो. तो आतून गुळगुळीत असतो आणि जिल्ह्यातल्या शेतीसामानाच्या दुकानात सहज मिळतो. एका जागी बसवलेल्या मशीनसाठी तो चालू शकतो. हातातल्या सँडरला तो नको, कारण जड आणि ताठ पाइपने मनगट दुखते. मग मिस्त्री पाइप काढून ठेवतो आणि सगळा खर्च फुकट जातो. हातात धरायच्या यंत्राचा पाइप हलका आणि लवचिक असलाच पाहिजे. साधे पीव्हीसी थंडीत ताठर होते आणि घासून झिजते. पॉलियुरेथेनचा पाइप महाग, पण जास्त टिकतो.

कोरड्या हवेत भुसा प्लास्टिकवर घासत गेला की स्थिर वीज तयार होते आणि हाताला झटका बसतो. त्यासाठी अँटी-स्टॅटिक पाइप मिळतो. तारेची स्प्रिंग असलेला पाइप असेल, तर ती तार अर्थिंगला जोडावी. याहून मोठा धोका ठिणगीचा आहे. अनेक दुकानांत लाकूड आणि लोखंड दोन्हींचे काम चालते. लोखंडाच्या ग्राइंडरला तोच पाइप लावू नये. भुशाने भरलेल्या पिशवीत गेलेली एक ठिणगी आग लावायला पुरेशी आहे. बिडीबद्दल वेगळे सांगायला नको.

दोन सोप्या तपासण्या

यंत्र चालू करून प्रत्येक जोडाशी पेटती उदबत्ती धरावी; आधी आसपासचा भुसा झाडून घ्यावा. धूर आत खेचला जात असेल, तर तिथे गळती आहे. गळतीतून जेवढी हवा आत येते, तेवढी पाइपच्या तोंडाशी कमी पडते. क्लॅम्प आवळावा, चिकटपट्टीवर भागवू नये.

दुसरी तपासणी अंधार पडल्यावर. मशीन चालवताना इतर दिवे बंद न करता जागा शक्य तितकी मंद ठेवून एकाने टॉर्चचा झोत आडवा टाकावा. एरवी न दिसणारी धूळ झोतात चमकते. ती पात्यापासून निघत असेल, तर पाइपचे तोंड जवळ न्यायला हवे. व्हॅक्यूमच्या मागून निघत असेल, तर फिल्टर साधा आहे आणि बारीक धूळ पुन्हा खोलीत सोडतो आहे. अशा वेळी हेपा दर्जाचा फिल्टर लागतो. पाइप आणि व्हॅक्यूम यांच्यामध्ये झाकणबंद ड्रम जोडला, तर जाड भुसा त्यात पडतो आणि फिल्टर लवकर तुंबत नाही.

एवढे करूनही थोडी धूळ उरतेच. त्यासाठी चेहऱ्याला घट्ट बसणारा एन-९५ मास्क वापरावा. तोंडाला बांधलेला रुमाल बारीक कण अडवत नाही. काम संपल्यावर कॉम्प्रेसरच्या हवेने अंगावरचा भुसा उडवण्याची सवय सोडावी. खाली बसलेली धूळ त्यामुळे पुन्हा नाकासमोर येते. कपडे व्हॅक्यूमनेच साफ करावेत आणि मुलांना जवळ घेण्याआधी बदलावेत.

डॉक्टरांकडे कधी जावे

खोकला किंवा दम कामाच्या दिवशी वाढत असेल आणि गावी गेल्यावर, सुटीत कमी होत असेल, तर ती खूण महत्त्वाची. डॉक्टरांना आपले काम काय, लाकूड कोणते आणि किती वर्षे, हे न विचारता सांगावे. नाहीतर वर्षानुवर्षे ‘सर्दी’ म्हणूनच औषध चालू राहते. फुप्फुसाची क्षमता फुंकर मारून मोजता येते. एकाच बाजूचे नाक सतत चोंदणे, त्यातून वारंवार रक्त येणे, वास न कळणे ही लक्षणे काही आठवडे टिकली, तर कान-नाक-घसा तज्ज्ञाकडून तपासणी करून घ्यावी.

पाइप झिजला, चिरला तर दुसरा मिळतो. वायुकोश एकदा खराब झाले की ते बदलून मिळत नाहीत. पुढच्या वेळी करवतीचे पाते बदलताना पाइपचे तोंड, जोड आणि आतली बाजूही एकदा तपासून पाहावी. त्याला पाच मिनिटे लागतात.