वाऱ्याला वाट, लहरीला भिंत

जुन्नर तालुक्यात नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या तबकड्या उभ्या आहेत. एकेकीचा व्यास 45 मीटर. एकूण 30: त्यांतल्या 14 खोडदजवळ साधारण चौरस किलोमीटरभर जागेत, बाकीच्या 16 तीन दिशांना पांगलेल्या. एका तबकडीचं तोंड 1,590 चौरस मीटर, म्हणजे जवळजवळ 16 गुंठे. तीसही मिळून पावणेबारा एकर. हे पावणेबारा एकर शिवार जमिनीपासून उंच उचलायचं, आकाशात हवं तिकडे वळवायचं आणि वळवताना वाकू द्यायचं नाही.

अशा कामात वजनाच्याही आधी वाऱ्याचा हिशोब मांडावा लागतो. या तबकड्या ताशी 133 किलोमीटरच्या वाऱ्यात टिकाव्यात अशा बांधल्या आहेत. एवढा वारा समोरून आला तर दर चौरस मीटरला 80 किलोहून जास्त दाब पडतो. तबकडी सलग पत्र्याची असती, तर हा रेटा सव्वाशे टनांच्या पुढे गेला असता. तबकडीचा हलणारा सांगाडा 82 टन आणि त्याला तोलणारं वजन 34 टन, दोन्ही मिळून 116 टन. म्हणजे वाऱ्याचा धक्का यंत्राच्या स्वतःच्या वजनाहून भारी. तो सोसायला लोखंड वाढवा, मग ते वाढलेलं लोखंड पेलायला आणखी लोखंड, आणि ते सगळं फिरवायला मोठ्या मोटारी. हा खर्च कुठेच थांबत नाही.

ही दुर्बीण उभारणारे प्रा. गोविंद स्वरूप यांनी उलटा प्रश्न विचारला: पत्रा हवाच कशाला? आकाशातल्या हायड्रोजनकडून येणारी रेडिओ लहर 21 सेंटिमीटर लांबीची. ही दुर्बीण पकडते त्यांतली जवळजवळ सर्वांत आखूड लहर तीच. दोन सेंटिमीटरच्या भोकातून ती फारशी निसटत नाही, परावर्तित होते. वारा मात्र आरपार जातो. म्हणून तबकडीला 0.55 मिलिमीटर जाडीच्या स्टेनलेस स्टीलच्या तारेची जाळी लावली. घरं मध्यभागी 10 मिलिमीटरची, कडेला 20 मिलिमीटरची. वाऱ्याच्या वाटेत जाळीचा जेमतेम 7 टक्के भाग येतो.

आता ही तार मोजू. खोलगट पृष्ठभाग धरला तर एका तबकडीवर 1,700 चौरस मीटरहून जास्त जाळी बसते. सगळी घरं मोठी, 20 मिलिमीटरची धरली तरी चौरस मीटरला 100 मीटर तार लागते. एका तबकडीला 170 किलोमीटर, तिसांना 5,000 किलोमीटरहून अधिक. आपला देश दक्षिणोत्तर साधारण 3,200 किलोमीटर आहे. तारा एकमेकींना छेदतात त्या जागा एका तबकडीत 40 लाखांवर, सगळ्या मिळून 12 कोटींच्या पुढे. अशी जाळी स्पॉट वेल्डिंगने जोडतात. करंट जरा जास्त झाला की तार जळते, कमी पडला की सांधा सुटतो. आणि मला सगळ्यात थक्क करणारा आकडा वजनाचा: 16 गुंठ्यांवर पसरलेली ही जाळी साडेसहाशे किलोंच्या आतच भरते. 82 टनांचा सांगाडा तेवढ्यासाठी.

त्या सांगाड्यात मधल्या हबला पॅराबोलाच्या आकाराच्या नळ्यांच्या 16 भुजा जोडलेल्या आहेत आणि भुजांमध्ये तारदोर ताणले आहेत. द्राक्षाच्या मांडवात जोर खांबांचा आणि आकार ताणलेल्या तारांचा असतो, तसंच हे. पृष्ठभागातली चूक साधारण 10 मिलिमीटरपर्यंत चालते, 21 सेंटिमीटरचा विसावा भाग. ऐकायला ही सूट मोठी वाटते. पण वेल्ड निवताना आकसतं आणि नळीला आपल्याकडे ओढतं. 20 मीटरच्या भुजेत मुळाशी एका अंशाचा फरक पडला, तर टोक 35 सेंटिमीटर सरकतं. टोकाला 10 मिलिमीटर राखायचे तर मुळाशी अंशाचा पस्तिसावा भागसुद्धा चुकायला नको. म्हणून अशा कामात नळ्या जिगमध्ये आवळतात, आधी नुसते टॅक मारतात, मग समोरासमोरच्या बाजू आलटून-पालटून थोड्या-थोड्या वेल्ड करत नेतात. घाईने एकच बाजू भरणाऱ्याचा जॉब वाकडा होणारच. उन्हाचंही तसंच. तापमान 30 अंशांनी वाढलं की 45 मीटर लोखंड 16 मिलिमीटर वाढतं. सगळीकडे सारखं वाढलं तर आकार बिघडत नाही. एक बाजू उन्हात आणि दुसरी सावलीत असली की ताण येतो.

एका सांध्याची किंमत जगाने पाहिली आहे. 15 नोव्हेंबर 1988 च्या रात्री अमेरिकेत ग्रीन बँक इथली 91 मीटरची तबकडी कोसळली. मुख्य तुळईतली सांधा जोडणारी एक पट्टी, गसेट प्लेट, तुटली होती. तिच्या जागी जी दुर्बीण उभी राहिली ती 100 मीटरची, वजन सुमारे 7,700 टन. खोडदच्या तीसही तबकड्यांचं हलणारं वजन मिळून 3,480 टन, आणि क्षेत्रफळ तिच्या सहापट. ग्रीन बँकचं लोखंड वाया गेलेलं नाही: ती दुर्बीण काही मिलिमीटरच्या लहरीही टिपते, तिला जाळी चालत नाही. हिवाळ्यात तिच्यावर बर्फही पडतो. खोडदला बर्फ पडत नाही आणि मिलिमीटरची लहर पकडायचीच नव्हती.