भिलाईच्या उन्हाळ्यातही 'उंची'. विरळ हवेत छोट्या विमानाचे इंजिन कसे चालते?

भिलाई (छत्तीसगड) : समुद्रसपाटीपासून जेमतेम ३०० मीटरवर वसलेल्या भिलाईला कोणी उंचावरील शहर म्हणणार नाही. मात्र मे महिन्यात पारा ४५ अंश सेल्सिअसला पोहोचतो, तेव्हा येथील हवेची घनता सुमारे १,४६० मीटर उंचीवरील हवेइतकी कमी होते. महाबळेश्वरचा विल्सन पॉइंट १,४३९ मीटरवर आहे, यावरून या फरकाची कल्पना येते. त्यामुळे पहाडी विमानतळांवर वैमानिकाला भेडसावणारा प्रश्न नंदिनीसारख्या मैदानी धावपट्टीवरही उभा राहू शकतो.

घनतेनुसार उंची

प्रमाण वातावरणात समुद्रसपाटीचे तापमान १५ अंश मानले जाते आणि दर हजार फुटांमागे ते सुमारे दोन अंशांनी घटते. या हिशेबाने भिलाईचे प्रमाण तापमान १३ अंश ठरते. त्यापेक्षा जास्त असलेल्या प्रत्येक अंशासाठी उंचीत सुमारे १२० फूट मिळवले जातात. म्हणजेच ४५ अंशांना ३२ अंशांचा फरक पडून हजार फुटांची उंची ४,८०० फुटांवर जाते.

टर्बोचार्जर नसलेले इंजिन दर हजार फुटांमागे ढोबळमानाने तीन टक्के शक्ती गमावते. ३,२५६ मीटर उंचीवरील लेह विमानतळावर प्रमाण वातावरणातही हवेची घनता समुद्रसपाटीच्या सुमारे ७२ टक्केच असते. तेथे अशा इंजिनाची जवळपास ३० टक्के शक्ती कमी होते. पंख्यालाही विरळ हवेत कमी ओढ मिळते.

इंजेक्शन असूनही हाताचे काम

इंधन इंजेक्शन असलेल्या इंजिनात कार्ब्युरेटर नसतो. प्रत्येक सिलिंडरला इंधन स्वतंत्र नळीने मिळते आणि कार्ब्युरेटरमध्ये बर्फ साचण्याचा धोका राहत नाही. मात्र मोटारीप्रमाणे येथेही संगणक सर्व काही सांभाळतो, हा समज चुकीचा आहे. बहुतेक छोट्या विमानांतील यंत्रणा यांत्रिक असते. हवा विरळ झाली तरी इंधन त्या प्रमाणात घटत नाही. इंधन जादा झाले की इंजिन अडखळते, स्पार्क प्लगवर काजळी धरते आणि आधीच घटलेली शक्ती आणखी कमी होते. म्हणून वैमानिकाला लाल मूठ मागे ओढून इंधनाचे प्रमाण स्वतः कमी करावे लागते.

प्रशिक्षणासाठी जगभर वापरल्या जाणाऱ्या सेसना १७२-एस विमानात १८० अश्वशक्तीचे असे इंजिन असते. ३,००० फुटांपेक्षा उंच धावपट्टीवर उड्डाणापूर्वी विमान जागेवर उभे ठेवून थ्रॉटल पूर्ण उघडावे आणि इंजिनाचे फेरे सर्वाधिक होतील तेथे मिश्रण स्थिर करावे, अशी त्याच्या पुस्तिकेतील सूचना आहे.

येथे उंची आणि उष्णता यांतील भेद महत्त्वाचा ठरतो. तापलेल्या सखल धावपट्टीवर केवळ गणिती उंची पाहून इंधन गरजेपेक्षा कमी केल्यास सिलिंडर अतितप्त होऊन आतील मिश्रणाचा स्फोटासारखा भडका उडू शकतो. त्यामुळे त्या-त्या विमानाची पुस्तिका हाच अंतिम आधार मानला जातो.

धावपट्टी तोकडी पडते तेव्हा

विरळ हवेत वेगदर्शकावरील आकडा नेहमीचाच असला, तरी जमिनीवरील प्रत्यक्ष वेग जास्त असतो. साहजिकच विमानाला उचलण्यासाठी अधिक लांब धावावे लागते आणि नंतरची चढणही मंदावते. समुद्रसपाटीवर पुरेशी ठरणारी धावपट्टी अशा वेळी अपुरी पडू शकते. वजन कमी करणे, पहाटेच्या गारव्यात निघणे आणि पुस्तिकेतील तक्त्यांवरून अंतर आधीच काढणे, हे त्यावरील उपाय आहेत.

उतरतानाही दक्षता लागते. खाली येताना इंधन टप्प्याटप्प्याने वाढवावे लागते. मात्र उंच विमानतळावर सवयीने मूठ पूर्ण पुढे ढकलल्यास, उतरणे रद्द करून पुन्हा वर जाण्याच्या क्षणी इंजिन अडखळू शकते.

उन्हात थांबलेले इंजिन लगेच सुरू करणेही अवघड असते. इंजिनावरील बारीक नळ्यांतील पेट्रोलची उष्णतेने वाफ होते आणि प्रवाह खंडित होतो. त्यासाठी गरम इंजिन सुरू करण्याची वेगळी पद्धत पुस्तिकेत दिलेली असते.

नकाशावरील उंची बदलत नाही, हवेची घनता मात्र दिवसातून अनेकदा बदलते. पहाटे सहज उडालेले विमान दुपारी त्याच धावपट्टीवरून, तेवढ्याच वजनासह उडेलच असे नाही. त्यामुळे प्रत्येक उड्डाणापूर्वी हा हिशेब नव्याने करावा लागतो.