कृष्णाकाठचा मेणवलीचा वाडा

वाईपासून तीनेक किलोमीटरवर, कृष्णेच्या काठाला मेणवली. १७६८ मध्ये औंधचे भवानराव पंतप्रतिनिधी आणि साताऱ्याचे रघुनाथ घनश्याम मंत्री यांनी हे गाव नाना फडणवीसांना इनाम दिलं. नानांनी इथं वाडा, घाट आणि मेणेश्वराचं देऊळ असा अख्खा संसारच मांडला.

पुढून पाहिलं तर वाडा गढीसारखा, तोंड मिटून बसलेला. आत मात्र एकामागून एक सहा चौक, लाकडी खांब, माड्या आणि काही भिंतींवर रंग टिकवून असलेली चित्रं. मागच्या अंगाला थेट घाटाची वाट. पाणी भरणं, स्नान, संध्या, धुणं, सगळं वाड्याच्या पाठीशीच. काळ्या दगडाच्या पायऱ्या पात्राला धरून वळत जातात. मला विचाराल तर वाड्याहून घाटच देखणा.

घाटावरची घंटा मात्र देवळातली वाटत नाही, आणि ती नाहीच. चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये पोर्तुगीजांकडून वसई घेतली, तेव्हा तिथल्या चर्चमधून आलेल्या घंटांपैकी ही एक. तिच्यावर बाळ येशूला घेतलेली मेरी आहे. अशीच वसईची घंटा भीमाशंकरलाही आहे.

पेशव्यांच्या गादीवरून उठलेल्या १७९६ च्या धामधुमीत नाना पुणे सोडून वाईकडे आले, तिथून महाडला गेले. १८०० मध्ये ते पुण्यात वारले. वाड्यातली कागदपत्रं ‘मेणवली दप्तर’ म्हणून अभ्यासकांना ठाऊक आहेत. बाकीच्यांना इथला घाट ‘स्वदेस’ चित्रपटामुळे ओळखीचा.