माथेरानमधील वाहतूक

माथेरान हे महाराष्ट्राच्या रायगड जिल्ह्यातील कर्जत तालुक्यात, समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटर उंचीवर असलेले थंड हवेचे ठिकाण आहे. रुग्णवाहिकेसारख्या आपत्कालीन वाहनांचा अपवाद वगळता गावात मोटारवाहनांना प्रवेश नाही. केंद्र शासनाने ४ फेब्रुवारी २००३ रोजी माथेरान व परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून अधिसूचित केला.

== नेरळपर्यंत ==
पायथ्याचे नेरळ स्थानक मध्य रेल्वेच्या कल्याण–कर्जत मार्गावर असून तेथे मुंबईहून कर्जत व खोपोलीकडे जाणाऱ्या लोकल गाड्या थांबतात. भंडारा, नागपूर या भागांतून इगतपुरीमार्गे मुंबईकडे येणाऱ्या गाड्या नेरळवरून जात नाहीत. त्यामुळे त्या प्रवाशांना कल्याण येथे उतरून लोकल पकडावी लागते.

== नेरळ ते माथेरान ==
नेरळ–माथेरान रेल्वे १९०७ मध्ये सुरू झाली. आदमजी पीरभॉय कुटुंबाने बांधलेल्या या अरुंदमापी मार्गाची लांबी सुमारे २१ किलोमीटर असून रुळांमधील अंतर अवघे दोन फूट आहे. जुम्मापट्टी, वॉटर पाईप व अमन लॉज ही मधली स्थानके होत. तीव्र चढ आणि वळणांमुळे गाडीला दोन तासांहून अधिक वेळ लागतो. वेळ वाचविण्यासाठी ही गाडी नव्हे. तिचे आकर्षण प्रवासातच आहे. जुलै २००५ च्या अतिवृष्टीत मार्गाची मोठी हानी झाली होती. पावसाळ्यात नेरळ–अमन लॉज सेवा बंद ठेवली जाते, मात्र अमन लॉज–माथेरान शटल चालू असते.

दुसरा पर्याय घाटरस्त्याचा आहे. नेरळ स्थानकाबाहेरून मिळणाऱ्या सामायिक टॅक्सी व खासगी मोटारी दस्तुरी नाक्यापर्यंत जातात. वाहनतळ तेथेच आहे.

== दस्तुरी नाक्याच्या पुढे ==
नाक्यापासून बाजारपेठ सुमारे अडीच किलोमीटर आहे. हे अंतर पायी, घोड्यावर किंवा जवळच्या अमन लॉज स्थानकावरून शटलने पार करता येते. सामानासाठी हमाल मिळतात. गावाला लागणारा किराणा व बांधकामाचे साहित्यही घोडे आणि हातगाड्यांवरूनच आत नेले जाते.

वृद्ध, रुग्ण आणि चालू न शकणाऱ्यांसाठी दीर्घकाळ हातरिक्षा हाच आधार होता. एक जण पुढून ओढणार व इतर मागून ढकलणार, अशी ही व्यवस्था. वाहनबंदीने झाडे व हवा राखली, पण तिचा भार माणसांच्या खांद्यांवर आला. हातरिक्षा ओढणाऱ्यांनीच ई-रिक्षांची मागणी पुढे आणली. घोडेवाल्यांचा मात्र रोजगार बुडण्याच्या भीतीने ई-रिक्षांना विरोध राहिला. सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये प्रायोगिक तत्त्वावर परवानगी दिल्यानंतर त्याच वर्षी डिसेंबरमध्ये त्या रस्त्यावर आल्या.

६ ऑगस्ट २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हातरिक्षांची प्रथा अमानवी ठरवून ती सहा महिन्यांत बंद करण्याचा आणि गुजरातमधील केवडियाच्या धर्तीवर ई-रिक्षा देण्याचा आदेश राज्य शासनाला दिला. रस्त्यांचा वादही याच्याशी जोडलेला आहे. पावसात लाल माती वाहून जाते व चाके रुततात, तर पेव्हर ब्लॉकमुळे माथेरानचे नैसर्गिक रूप बदलते, असा आक्षेप आहे. न्यायालयाने दस्तुरी नाका ते शिवाजी महाराजांच्या पुतळ्यापर्यंतच्या मुख्य रस्त्यावर ब्लॉक बसविण्यास मुभा दिली. आतील रस्ते व पायवाटांवर मात्र ते बसविण्यास मनाई केली.