आठ रुपयांना महागाई भत्ता

बँकेतून निवृत्त झालेल्या आम्हा मंडळींचे एक बरे असते. डाळ महागली की आम्ही कुरकुरतो खरे. पण दर सहा महिन्यांनी निवृत्तिवेतनावरचा महागाई भत्ता ग्राहक किंमत निर्देशांकाला धरून नव्याने ठरतो. त्यासाठी मोर्चा काढावा लागत नाही, की मंत्र्यांच्या दारी निवेदन न्यावे लागत नाही. अंगणवाडीतल्या ताटाच्या नशिबी मात्र हे सूत्र आले नाही.

एकात्मिक बालविकास सेवा योजना 2 ऑक्टोबर 1975 रोजी सुरू झाली. योजना सरकारची असली, तरी ती चालते वस्तीतल्या बायकांच्या जिवावर. सेविका, मदतनीस वस्तीतल्याच; महाराष्ट्रात ठिकठिकाणी तीन ते सहा वर्षांच्या मुलांसाठी गरम आहार शिजवणाऱ्या बचत गटांतल्या बायकाही तिथल्याच. 2017 मध्ये केंद्राने पूरक आहाराचा दर मुलामागे दिवसाला 6 रुपयांवरून 8 रुपये केला. ऑगस्ट 2022 मध्ये 'सक्षम अंगणवाडी व पोषण 2.0'च्या मार्गदर्शक सूचना निघाल्या. योजनेचे नाव बदलले, आठ रुपये तेच राहिले.

महागाई वर्षाला अवघी 5 टक्के धरली, तरी पाच वर्षांत त्या 8 रुपयांची किंमत सव्वासहा रुपयांवर येते. इकडे 2013च्या अन्नसुरक्षा कायद्याने मुलाला दिवसाला 500 उष्मांक आणि 12 ते 15 ग्रॅम प्रथिने देऊ केलेली. पंचवीस मुलांच्या अंगणवाडीला दिवसाचे 200 रुपये होतात. डाळ, तेल, इंधन त्यातच बसवायचे. जमा गोठली आणि खर्च चढला, तर तूट कुणाच्या तरी नावे पडतेच. इथे ती आमटीतल्या पाण्यात दिसते, बचत गटाच्या किराणा दुकानातल्या उधारीत दिसते, नाहीतर शिजवणारीच्या फुकट राबण्यात. सरकारी हिशेबात यांपैकी कशालाच रकाना नाही.

तिजोरीत पैसे नाहीत, हे उत्तर पटत नाही. कारण शेजारच्या शाळेत हे काम झालेले आहे. शालेय पोषण आहारात पहिली ते पाचवीच्या मुलामागे साहित्याचा दर 2020 मध्ये 4 रुपये 97 पैसे होता; 2022 मध्ये तो 5 रुपये 45 पैसे, 2024 मध्ये 6 रुपये 19 पैसे आणि मे 2025 पासून 6 रुपये 78 पैसे झाला. शाळेला धान्य वेगळे मिळते, म्हणून दोन दर शेजारी ठेवून मोजू नयेत. ही वाढही पुरेशी आहे असे कुणी म्हणणार नाही. पण लेबर ब्युरोच्या महागाईच्या आकड्यांचा आधार घेऊन तो दर हलतो, एवढे खरे. म्हणजे अंगणवाडीतले मूल पहिलीत गेले, की सरकारला त्याच्या जेवणाची महागाई कळू लागते!

पूरक आहाराचा दर दरवर्षी निर्देशांकाला धरून आपोआप वाढावा, आणि त्यातला केंद्राचा व राज्याचा वाटा वर्षाच्या आरंभीच मोकळा व्हावा. दर वाढवून देणे म्हणजे मेहेरबानी, अशी समजूत दिसते. वास्तविक पाच वर्षे दर गोठवणे ही दरवर्षी केलेली कपातच असते. फक्त ती विधिमंडळात मांडावी लागत नाही.