लॅब्राडॉर आखेल तो सागरमार्ग

पुणे-लोणावळा लोकलच्या मार्गावर समुद्र कुठेच दिसत नाही, पण त्याचे धागेदोरे आहेत. लोणावळ्याच्या ‘आयएनएस शिवाजी’त १९४५ पासून नौदलाचे इंजिनिअर घडतात. दुसऱ्या टोकाला दापोडीत कॉलेज ऑफ मिलिटरी इंजिनिअरिंग आहे, म्हणजे लष्कराच्या कोअर ऑफ इंजिनिअर्सचं माहेरघर. याच दलाच्या अधिकाऱ्यांनी १९८५ ते १९८७ या काळात ‘तृष्णा’ नावाच्या शिडाच्या बोटीतून पृथ्वीप्रदक्षिणा केली. भारतीयांनी केलेली ती पहिलीच. या दोन्हींच्या मधे आपलं तळेगाव दाभाडे. जवळच्या सुदुंबऱ्याला राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची पाचवी बटालियन आहे. बोटी आणि कुत्री एकाच छावणीत सांभाळणारी अशी जागा घाटमाथ्यावर दुसरी शोधावी लागेल.

तेव्हा तळेगावच्या यशवंतनगरातल्या एखाद्या बंगल्यात, चाकणच्या कंपनीतून निवृत्तीला आलेल्या गृहस्थांनी मोबाईलवर परदेशी जोडप्यांचे व्हिडिओ पाहून ‘आपणही लॅब्राडॉरला घेऊन कॅटामरानवर राहायला जावं का?’ असं विचारलं, तर लगेच हसू नये. हे जमण्यासारखं आहे. अडचणी मात्र आपण समजतो त्या नाहीत. माणूस लाटांना आणि वादळाला घाबरतो. खरी परीक्षा असते शी-शूची आणि रेबीजच्या दाखल्याची.

आधी बोटीबद्दल. नेहमीच्या शिडाच्या बोटीला एकच पोट असतं आणि त्याखाली शिशाचं किंवा लोखंडाचं वजन. वारा शिडात भरला की ती पंधरा-वीस अंशांत कलते आणि तशीच तासन् तास चालते. माणूस हाताने धरून उभा राहतो, कुत्र्याला धरायला हात नाहीत. कॅटामरानला दोन अरुंद पोटं असतात, त्यांच्यामध्ये रुंद सज्जा. ती फारशी कलत नाही. ‘लगून ४२’ हे फ्रेंच बनावटीचं लोकप्रिय मॉडेल घ्या. लांबी १२.८० मीटर, रुंदी ७.७० मीटर, म्हणजे बऱ्यापैकी हॉलइतकी ऐसपैस. पाण्याखाली मात्र जेमतेम १.२५ मीटर. आपल्याकडे मालवणच्या किनाऱ्यावर होडीच्या बाजूला उलांडी लावतात, तिच्यामागचं तत्त्व हेच. आधार जितका दूर, तितकी होडी स्थिर.

मोठ्या कुत्र्यासाठी कॅटामरानचा सगळ्यात मोठा गुण मात्र स्थिरता नाही, मागच्या पायऱ्या हा आहे. दोन्ही पोटांच्या शेपटाकडे पाण्यापर्यंत उतरणाऱ्या रुंद पायऱ्या असतात. छोट्या रबरी होडीतून पस्तीस किलोचा कुत्रा त्यांवर स्वतः चढतो. एकपोटी बोटीच्या उभ्या शिडीवरून त्याला रोज दोनदा उचलायचं म्हटलं, तर साठीच्या माणसाची कंबर पहिल्याच आठवड्यात राजीनामा देईल.

दोष नाहीत असं नाही. दोन पोटांमधल्या सज्जाच्या तळावर लाट खालून आदळते, तेव्हा सुतळी बॉम्ब फुटल्यासारखा आवाज होतो. दिवाळीत पलंगाखाली लपणाऱ्या कुत्र्यांना हे फार जड जातं. शिवाय एकपोटी बोट वादळात पालथी झाली तर तळाचं वजन तिला पुन्हा सरळ करतं. कॅटामरान पालथी झाली की पालथीच राहते. दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली ती ‘म्हादेई’, गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकरांच्या कारखान्यात बांधलेली, एकपोटीच होती. दक्षिण महासागरात जाणाऱ्याला तीच हवी. आपल्या गृहस्थांना तिथे जायचं नाही, त्यांना नारळाच्या झाडांखाली नांगर टाकायचा आहे.

कुत्रा घेऊन कॅटामरानवर राहण्याची कल्पना जुनी आहे. जेम्स व्हॅरम या इंग्रजाने पॉलिनेशियाच्या जोडहोड्यांचा अभ्यास करून साडेतेवीस फुटांची ‘टांगारोआ’ स्वतः बांधली आणि १९५५ साली रूथ आणि युटा या दोन जर्मन तरुणींसह तो इंग्लंडहून निघाला. त्या एवढ्याशा होडीत त्यांच्याबरोबर पेपे नावाचा कुत्राही होता. १९५६-५७ च्या हिवाळ्यात हे सगळे अटलांटिक ओलांडून त्रिनिदादला पोहोचले. दुसऱ्या महायुद्धात नॉर्वेच्या ‘थोरोड’ या सुरुंगशोधक जहाजावर बाम्से हा सेंट बर्नार्ड खलाशांच्या यादीत होता आणि स्कॉटलंडच्या बंदरात तो एकटा बसने फिरायचा. पण जहाजावर माणसांची फौज असते. घरगुती बोटीवर दोघंच, आणि त्यांतला एक सुकाणूवर.

आता शी-शू. तळेगावातला पाळीव कुत्रा सकाळी सहाला फाटकाकडे बघतो, कारण घरात घाण करायची नाही हे आपणच त्याला लहानपणी शिकवलेलं असतं. बोट हे त्याचं घर झालं की तो डेकवरही करत नाही. चोवीस तास दाबून धरणारी कुत्री असतात आणि त्यातून मूत्राशयाचा संसर्ग होतो. यावर उपाय एकच आहे आणि तो जमिनीवर सुरू करावा लागतो: कृत्रिम गवताचा एक तुकडा. आधी अंगणात, नेहमीच्या जागी ठेवायचा. त्यावर त्याच्याच मूत्राचा वास लागू द्यायचा, तो न धुता दर काही दिवसांनी थोडा सरकवायचा, मग गच्चीवर न्यायचा, आणि प्रत्येक वेळी एकच शब्द उच्चारायचा. शेवटी तोच तुकडा, तोच वास आणि तोच शब्द बोटीच्या पुढच्या डेकवर. तुकड्याच्या कोपऱ्याला भोक पाडून दोरी ओवून ठेवतात. काम झालं की दोरीला धरून समुद्रात बुचकळायचा. ज्यांनी ही शिकवणी टाळली, त्यांना पहाटे पावसात, भरतीच्या उलट्या प्रवाहात वल्ही मारत कुत्र्याला किनाऱ्यावर न्यावं लागतं.

आणि किनारा म्हणजे कोणता? मुंबईच्या आसपास उधाणाच्या दिवसांत पाणी चार-पाच मीटर चढतं-उतरतं. ओहोटीला खाडीच्या तोंडाशी शेकडो मीटर नुसता गाळ उघडा पडतो. माणूस गुडघाभर रुततो, लॅब्राडॉर आनंदाने लोळतो आणि मग तोच चिखल घेऊन पांढऱ्या गादीवर येतो. इथे कॅटामरानचं उथळ बूड कामाला येतं. ती किनाऱ्याच्या बरीच जवळ नांगरता येते आणि बऱ्याच कॅटामरान ओहोटीला वाळूवर दोन्ही पोटांवर सरळ बसू शकतात.

कोकणात उतरताना एक पथ्य मात्र कडक पाळायला हवं. वेळास, आंजर्ले आणि अशा अनेक किनाऱ्यांवर थंडीत ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात. वाळू उकरून ती खाणाऱ्यांत मोकाट कुत्रे पुढे असतात आणि गावकरी रात्र रात्र राखण करून घरटी वाचवतात. तिथे आपला उच्चकुलीन गोल्डन रिट्रीव्हर मोकळा सोडणं म्हणजे त्या राखणीवर पाणी ओतणं. पट्टा हवाच. किनाऱ्यावर मरून पडलेला फुगा मासाही त्याच्या तोंडी लागता कामा नये. त्यातलं विष कुत्र्याला मारायला पुरेसं असतं.

पडण्याची भीती खरी आहे. बोटीच्या कडेच्या तारा माणसाच्या मांडीला लागतात. कुत्रा त्यांच्याखालून सरळ निसटतो. म्हणून कडेने जाळं बांधतात. पुढच्या बाजूला दोन पोटांमध्ये ताणलेली जाळी असते, तिच्या मोठ्या छिद्रांत पंजा अडकतो. त्यावर चटई टाकावी. कुत्र्याच्या लाइफ जॅकेटला पाठीवर भक्कम मूठ हवी, आणि त्या मुठीने ओला कुत्रा खरंच उचलता येतो का हे बंदरातच करून पाहावं. माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाचा नियम असा: अंधार पडला की कुत्रा आत, बांधलेला. रात्री माणूस पडला तर निदान ओरडतो. कुत्रा गुपचूप पोहत राहतो.

खाण्यापिण्याचा हिशेब सोपा आहे. पस्तीस किलोच्या लॅब्राडॉरला दिवसाला साधारण चारशे-पाचशे ग्रॅम कोरडं खाणं आणि दोन लिटर पाणी लागतं. तीन महिन्यांचं खाणं चाळीस किलोच्या आसपास, आणि जादा वजनाने कॅटामरान चटकन मंदावते. पिण्यापेक्षा जास्त गोडं पाणी त्याच्या अंगावरचं मीठ धुवायला जातं, नाहीतर कातडी खाजते. समुद्राचं पाणी त्याला पिऊ द्यायचं नाही. पोहताना नाकातोंडात जास्त गेलं तर जुलाब, उलट्या आणि त्याहून वाईट. केसांबद्दल कोणी सांगत नाही, पण तळात साचलेलं पाणी उपसणाऱ्या पंपाची जाळी तुंबवण्यात लॅब्राडॉरचा हात कोणी धरणार नाही. एप्रिलच्या कोकणातल्या उकाड्यात या थंड मुलखाच्या कुत्र्याला डेकवर सावली लागतेच. आपला देशी कारवान उन्हाला काटक आहे, पण त्याला पळायला माळ लागतो. बारा मीटरच्या बोटीवर त्याला डांबणं मला तरी पटत नाही.

आपल्या किनाऱ्यावर हे सगळं करायचं तर दिवाळीच्या आसपास निघावं. हिवाळ्यात पहाटे जमिनीवरून मतलई वारे सुटतात, दुपारनंतर वायव्येकडून खारे वारे. दक्षिणेला जाणाऱ्याला दोन्ही सोयीचे. मांडव्याहून मुरूड, दाभोळ, जयगड, विजयदुर्ग, मालवण असे टप्पे घेत गोवा गाठता येतो. रायगडच्या किनाऱ्यावर डोलजाळी आणि त्यांचे खुंट असतात, त्यामुळे रात्री चालू नये. जूनच्या आत मात्र पाण्याबाहेर पडावंच लागतं. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारीलाही बंदी असते, तांडेल होड्या वर ओढून शाकारतात. पावसाळ्यात बोटीवरच राहायचं तर कोचीच्या बोलगट्टी बेटावरची, केरळच्या पर्यटन महामंडळाची मरिना हा त्यातल्या त्यात बरा आसरा. महाराष्ट्रात तशी सोय नाही.

आता कोचीहून पुढे. नकाशा पाहिला तर पश्चिमेला लक्षद्वीप हाकेच्या अंतरावर आणि खाली मालदीव. निळं पाणी, पांढरी वाळू, व्हिडिओत पाहिलेलं सगळं तिथेच. पण लक्षद्वीप रेबीजमुक्त आहे. त्या बेटांवर कुत्री नाहीत आणि नेऊही देत नाहीत. मालदीवमध्येही कुत्रा आणायला बंदी आहे. म्हणजे भारतीय शिडाच्या बोटीला सगळ्यांत जवळचे दोन स्वर्ग पहिल्याच फटक्यात बाद. नौदलातून निवृत्त झालेले एक कॅप्टन पत्नी आणि मुलीसह बोटीवर राहायला गेल्याच्या बातम्या मध्यंतरी आल्या होत्या. अशा कुटुंबाला जिथे वारा नेईल तिथे जाता येतं. कुत्रा बरोबर असला की वाऱ्याच्या आधी पशुवैद्यकीय खात्याला विचारावं लागतं.

याचं कारण आपण ज्या देशातून निघतो, तो देश. भारतात रेबीज आहे, त्यामुळे इथला कुत्रा कितीही गुणी असला तरी जगाच्या नजरेत संशयित. आधी पंधरा अंकी मायक्रोचिप, ती बसवल्यानंतर रेबीजची लस. क्रम उलटा झाला तर लस मोजत नाहीत. युरोपात जायचं तर लसीनंतर किमान तीस दिवसांनी रक्त काढून मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत पाठवायचं आणि त्यात प्रति मिलिलिटर किमान ०.५ आंतरराष्ट्रीय एकक प्रतिपिंडं दिसायला हवीत. नमुना घेतल्यापासून आणखी तीन महिने थांबायचं. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड भारतातून कुत्रा थेट घेतच नाहीत; तो आधी त्यांच्या यादीतल्या देशात न्यावा लागतो आणि पोहोचल्यावर विलगीकरण वेगळंच. बोटीने गेलात तर कुत्र्याने बोटीवरच बंद राहायचं, किनाऱ्याला पाय लावायचा नाही. ब्रिटनमध्ये तर आयर्लंड सोडून कुठूनही खासगी बोटीने पाळीव कुत्रा नेता येत नाही; माणूस शिडाने आणि कुत्रा विमानाने, असा वेगळा संसार करावा लागतो.

तेव्हा ज्यांना खरंच जायचं आहे त्यांनी बोटीच्या किमती बघण्याआधी तळेगावातल्याच पशुवैद्याकडे जाऊन चिप आणि लस उरकावी, महिन्याभराने रक्ताचा नमुना पाठवावा. खर्च बोटीच्या मानाने नगण्य आहे. आणि युरोपच्या नियमांनुसार ही तपासणी एकदा पास झाली की पुढच्या लसी वेळेवर देत राहिल्यास पुन्हा करावी लागत नाही. लसीची मुदत एका दिवसाने जरी उलटली, तर लस, रक्त आणि तीन महिने पुन्हा पहिल्यापासून.