छकुलीचे तोंड कुणीकडे?

आमच्या घरात सध्या एक वाद रंगला आहे. शेताच्या बांधाचा नव्हे की निवडणुकीचाही नव्हे. आमच्या तीन वर्षांच्या नातीने मोटारीत बसताना तोंड कुणीकडे करून बसावे, एवढाच तो वाद! वाचक म्हणतील, मास्तरांना पेन्शनीत दुसरा उद्योग उरलेला दिसत नाही. पण थोडे ऐकून घ्या. तुमच्याही घरी एखादी छकुली असेल.

आम्ही राहतो शहापूरला आणि सूनबाईचे माहेर आहे मुरबाडचे. मुरबाडला रेल्वे नाही, तेव्हा किन्हवलीवरून सडकेनेच जावे लागते. मुलाने मोटार घेतली, त्याच महिन्यात सूनबाईने बाळाची वेगळी सीट आणली. ती दवाखान्यात परिचारिका आहे. महामार्गावरून आणलेले जखमी तिने डोळ्यांनी पाहिले आहेत, त्यामुळे या बाबतीत तिच्यापुढे कुणाचे काही चालत नाही. ही सीट गाडीच्या मागच्या बाकावर पट्ट्यांनी घट्ट आवळतात आणि बाळाला त्यात बसवतात ते उलटे. तोंड गाडीच्या मागच्या काचेकडे, पाठ ड्रायव्हरकडे.

झाले! विहीणबाई म्हणाल्या, "पोरीला शिक्षा केलीय का हो? शाळेत भिंतीकडे तोंड करून बसवतात तशी!" शेजारच्या काकू म्हणाल्या, "पाय बघा बिचारीचे कसे दुमडलेत." यंदा छकुली अंगणवाडीत जाऊ लागली, तेव्हा तर सगळ्यांचे एकमत झाले, की आता ती मोठी झाली, फिरवा तिची सीट पुढे. खरे सांगायचे, तर गेल्या वर्षापर्यंत या सीटफिरव्या पक्षाचा पुढारी मीच होतो. यंदा मात्र मी पक्ष बदलला आहे. तो का बदलला, ते सांगायला थोडी लाज वाटते, तरी सांगतो.

गेल्या भाऊबीजेला आम्ही मुरबाडला निघालो. मुलगा गाडी चालवत होता, सूनबाई त्याच्या शेजारी, मागे मी आणि छकुली. किन्हवली सोडली आणि छकुलीने भोकाड पसरले. मला राहवेना. "एवढ्याने काय होते, मी घट्ट धरतो," असे म्हणून मी तिचे पट्टे सोडले आणि तिला मांडीवर घेतले. सूनबाई मागे वळून "अप्पा, नको हो" म्हणाली. मी ऐकले नाही. आजोबाचे हात म्हणजे काही कमी आहेत का!

पुढच्याच वळणावर म्हशींचे खांड आडवे आले. मुलाने करकचून ब्रेक दाबला. गाडीचा वेग चाळिसाच्या आसपास, आणि ती कशावर आदळलीही नाही. पण छकुली माझ्या हातांतून साबणाच्या वडीसारखी निसटली आणि तिचे कपाळ पुढच्या सीटच्या पाठीवर आपटले. ओठ फुटला, कपाळावर हे एवढे टेंगूळ आले. सूनबाई मला एका शब्दानेही बोलली नाही. खाली उतरली, मुलीला उचलून तिने पुन्हा सीटमध्ये बसवले, पट्टे आवळले आणि मुरबाड येईपर्यंत ती खिडकीबाहेर पाहत राहिली. ती दोन शब्द बोलली असती, तर मला बरे वाटले असते.

त्या रात्री मी कागद-पेन्सिल घेऊन बसलो. मास्तरकीची खोड जात नाही. ताशी ४० किलोमीटरने जाणारी गाडी एकदम आदळून थांबली, तर आतल्या माणसाला बसणारा धक्का सव्वासहा मीटरवरून, म्हणजे दुमजली घराच्या गच्चीवरून पडल्यासारखा असतो. ५० किलोमीटरला हीच उंची जवळजवळ १० मीटर होते. आणि १२ किलोचे मूल ४० किलोमीटरच्या वेगातून सेकंदाच्या दहाव्या भागात थांबवायचे, तर हातांवर सव्वाशे किलोहून अधिक ओढ येते. म्हणजे सिमेंटच्या अडीच गोण्या एकदम! असे मूल 'घट्ट धरणारा' आजोबा अजून जन्माला यायचा आहे.

तर मुलाला पट्ट्यांनी बांधावे, हे मला पटले. पण उलटे का?

याचे उत्तर मला माझ्या जुन्या शाळेतच सापडले. मी जिल्हा परिषदेच्या शाळांतून, पाड्यापाड्यांवर नोकरी केली. जन्मतारखेचा पत्ता नसलेली मुले नाव घालायला यायची. तेव्हा आम्ही मास्तर मंडळी मुलाला डोक्यावरून हात नेऊन पलीकडचा कान धरायला लावत असू. कान हाताला लागला, तर सहा वर्षांचा झाला. नाही लागला, तर पुढच्या वर्षी या! लहान मुलाचा कान हाताला का लागत नाही? कारण त्याचे डोके अंगाच्या मानाने मोठे आणि हात आखूड. जन्मलेल्या बाळाचे डोके त्याच्या उंचीच्या चौथ्या हिश्शाइतके असते. मोठ्या माणसाचे सुमारे आठव्या.

हे जड डोके ज्या मानेवर असते, ती मान अजून कच्ची असते. मणक्यांचे भाग मऊ कूर्चेने जोडलेले असतात आणि साधारण तिसऱ्या ते सहाव्या वर्षाच्या दरम्यान ते हळूहळू हाडाने सांधत जातात. मूल पुढे तोंड करून बसलेले असताना गाडी समोरून आदळली, तर पट्टे धड धरून ठेवतात, पण डोके पुढे फेकले जाते आणि सगळा भार मानेवर येतो. मूल उलटे बसलेले असेल, तर डोके, मान आणि पाठ ही तिन्ही एकदमच सीटच्या पाठीत रुततात आणि धक्का सगळ्या पाठीवर विभागला जातो.

ही युक्ती काढली स्वीडनमधल्या बर्टिल आल्डमन नावाच्या डॉक्टरने. अमेरिकेच्या जेमिनी यानातले अंतराळवीर पाठीवर रेलून उड्डाणाचा जोर सोसतात, हे पाहून त्याला लहान मुलांची आठवण झाली. १९६४ साली त्याने अशा उलट्या सीटचा पहिला नमुना तयार केला. आज त्या देशात चार वर्षांपर्यंतची मुले सर्रास उलटी बसतात आणि त्यांना कोणी शिक्षा म्हणत नाही.

आता मूळ प्रश्न. फिरवायची कधी? अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संस्थेने २०११ साली दोन वर्षे वय सांगितले होते. २०१८ साली त्यांनी ती वयाची अटच काढून टाकली आणि सांगितले, की सीटवर उलट्या बैठकीसाठी जी वजनाची आणि उंचीची कमाल मर्यादा लिहिलेली असते, ती गाठेपर्यंत मूल उलटेच बसू द्या. आपल्याकडे मोटार वाहन कायद्यात २०१९ साली जे कलम आले, त्याप्रमाणे चौदा वर्षांखालील मुलाला पट्ट्याने किंवा मुलांच्या सीटने सुरक्षित न बसवल्यास एक हजार रुपये दंड आहे. पण तोंड कुणीकडे, हे ते कलम सांगत नाही. ते आपले आपणच ठरवायचे.

मला ही वजनाची अट फार आवडली. आमच्या तालुक्यांत मी तीन वर्षांची पोरे पाहिली आहेत, जी दोन वर्षांची वाटत. वाढदिवस सगळ्यांचे सारखे येतात, पण हाडे सारखी वाढत नाहीत. म्हणून आम्ही काय केले ते सांगतो.

अंगणवाडीत दर महिन्याला वजन होते. सेविकाताईंनी सांगितले, छकुली १२ किलो ८०० ग्रॅम. मग सीटच्या बाजूचा बारीक अक्षरांतला कागद मी भिंग घेऊन वाचला. काही सीटची उलट्या बैठकीची मर्यादा १३ किलो असते, काहींची १८. आमची १८ ची निघाली. नंतर छकुलीला बसवून पाहिले. तिचा माथा सीटच्या वरच्या कडेच्या चांगला चार बोटे खाली होता. निदान इंचभर तरी तो खाली हवा. खांद्याचे पट्टे उलट्या बैठकीत खांद्याच्या पातळीत किंवा किंचित खालून निघावे लागतात; तेही बरोबर होते. निकाल लागला. सीट फिरवायची नाही! उद्या मर्यादा संपली, तर फिरवू. मात्र तेव्हा पट्टे खांद्याच्या पातळीत किंवा वरून घेऊ आणि सीटचा वरचा पट्टा असेल, तर तोही गाडीच्या कडीला बांधू.

राहिले पाय. काकूंना मी म्हटले, "अहो, अंगणवाडीत ती तासभर मांडी घालून बसते, तेव्हा तुम्हाला दया येत नाही!" दुमडलेल्या पायांनी काही बिघडत नाही. एक गोष्ट मात्र कटाक्षाने पाळावी. पुढच्या सीटसमोर एअरबॅग असेल, तर तिथे उलटी सीट कधीही ठेवू नये. ती पिशवी फुटली, की थेट बाळाच्या डोक्यामागे आदळते.

पण आपल्या भागात मोटारी किती आणि फटफटी किती! शहापूर-मुरबाडकडचे बहुतेक बाळ टाकीवर, नाही तर आईबापांच्या मध्ये चेपून प्रवास करते. मीही माझ्या मुलाला असाच टाकीवर बसवून म्हशाच्या जत्रेला नेले आहे. तो सुखरूप राहिला हे आमचे नशीब. त्यात माझी हुशारी नव्हती. दुचाकीसाठीही २०२२ साली नियम निघाला आणि २०२३ पासून तो लागू झाला. चार वर्षांखालच्या मुलाला चालकाशी जोडणारा पट्टा हवा, नऊ महिन्यांवरील मुलाला त्याच्या मापाचे हेल्मेट हवे आणि वेग ४० च्या वर नको. मोटार सर्वांना परवडणार नाही, पण हा पट्टा आणि चाळिसाची मर्यादा पाळणे पुष्कळांना जमण्यासारखे आहे.

शहापूर तालुक्यातून आता समृद्धी महामार्ग गेला आहे. २०२५ च्या जूनपासून तो मुंबईच्या बाजूनेही पुरा झाला आणि मोटारींना तिथे सपाटीवर ताशी १२० ची मुभा आहे. रस्ते गुळगुळीत झाले म्हणून मुलांच्या माना काही पक्क्या झाल्या नाहीत.

हा अंक तुमच्या हाती पडेल, तेव्हा आमची भाऊबीजेची तयारी चालली असेल. छकुली यंदाही उलटीच बसणार. गेल्याच आठवड्यात तिच्याशेजारी बसलो होतो. ती म्हणाली, "आबा, माहुली किल्ला लहान झाला बघा!" मी पुढे बघत होतो; मला मान वळवून बघावे लागले. सूनबाई पुढून हसली. म्हणाली, "अप्पा, खाऊची पिशवी तुमच्याकडे द्यायची ना?"

वर्षभराने तिने माझ्या हातात काही सोपवले होते.